कोटातले सावळीराम

जेलरोडच्या त्या कॉलनीत रविराजने ज्याला कोट घातला नाही असा माणूस शोधून सापडला नसता. पूर्वी त्याच्या फोटो स्टुडिओत खुंटीला एक खराखुरा कोट असायचा आणि तो एका दिवसात प्लंबर, पेंटर आणि भरतीला निघालेली चार पोरं अशा सहा अंगांना बसायचा. पुढे कॉम्प्युटर आला आणि कोट त्यात गेला. निळा, काळा, आणि लग्नाच्या बायोडेटासाठी एक राखाडी. माणूस बनियनवर आला तरी पाच मिनिटांत साहेब होऊन बाहेर पडे. असा फोटो घरी गेला की बायको दोन दिवस बरी वागते, हे रविराजचं बावीस वर्षांचं निरीक्षण.

कोटाइतकीच त्याची दुसरी ख्याती म्हणजे स्पष्टपणा. "हलला" ही त्याच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. एका बाबतीत मात्र तो सूट द्यायचा. जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमवाल्यांचे फोटो तो मुद्दाम पुसट काढी, हात-पाय धुरासारखे ओढले जातील असे. कुणी विचारलं तर सांगे की तिथे चाल दाखवायची असते, थोबाड नाही. लोक माना डोलवत. हे ज्ञान त्याला होतं, एवढं इथे नोंदवून ठेवायला हवं.

सावळीराम त्याच कॉलनीतले. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर. तिकिटाच्या बॅगेने डावा खांदा जो खाली ओढला तो बॅग जमा केल्यावरही वर आला नाही. गेली तीन वर्षं त्यांची मान सारखी हलायची, डावीकडून उजवीकडे, जणू कुणी न विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणताहेत. त्याबरोबर आठवणही गळत चालली होती. डिसेंबरात एका सकाळी ते किटली घेऊन दूध आणायला गेले आणि परत आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांची बायको लताबाई आणि शाळेत शिकवणारी मुलगी संजना स्टुडिओत आल्या. चौकीत ताजा आणि स्पष्ट फोटो मागितला होता. आधारवरचा चौदा वर्षांपूर्वीचा, मिशीचा आणि चांगल्या खाल्ल्यापिल्ल्या दिवसांचा. लग्नांच्या अल्बममध्ये तर सावळीराम अख्खे कधीच नव्हते, कारण हा गृहस्थ प्रत्येक लग्नात पंगतीत वाढायला. अकरा लग्नांतून मिळून त्यांची पाठ आणि वरणाची बादली धरलेला हात एवढा ऐवज निघाला. मोबाइलवरचे सगळे मान हलत असताना काढलेले. त्यातल्या त्यात बरा म्हणून संजनाने एक दाखवला. दारात उभे, अंगात पांढरा सदरा, डावा खांदा पडलेला, उजवा हात वर, घंटीची दोरी ओढायला जावा तसा. चेहऱ्याच्या जागी तीन चेहरे एकमेकांत कालवलेले.

"हललाय," रविराज म्हणाला, डॉक्टर सांगतात तसं. मग लगेच धीरही दिला की आता कॉम्प्युटर सगळं सरळ करतो.

त्याने दोन संध्याकाळी घालवल्या. कुठे आधारवरचं नाक घेतलं, कुठे हललेल्या फोटोतले गाल, उरलेलं कॉम्प्युटरने आपल्या मनाने भरलं. लताबाई मागे स्टुलावर बसून डोळे थोडे बारीक कर, कपाळ मोठं कर असं सांगत होत्या. चेहरा जमला तशा त्या पुढे वाकल्या.

"कोट घाल रे त्यांना," त्या म्हणाल्या. "नुसत्या सदऱ्यातल्या म्हाताऱ्याला कोण थांबून बघतंय? कोटातला माणूस हरवला म्हटलं की लोक शोधतात."

रविराजचा हात त्याआधीच निळ्या कोटावर गेलेला होता. कोट बसवायचा तर खांदे सरळ हवेत, म्हणून खांदाही उचलला. संजना म्हणाली की हे आप्पा वाटत नाहीत. त्यावर दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात लताबाईंनी नवऱ्याला कोटात पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं, आणि त्यांना तो आवडला. माणूस अर्धा तरी सापडला, अशा चेहऱ्याने त्या घरी गेल्या.

पत्रकं रविराजने स्वतः चिकटवली. मैद्याची खळ, त्यात मोरचूद. एकदा लागलेला कागद पावसाळा काढतो असा त्याचा दावा होता. नाशिकरोड स्टेशन, द्वारका, सीबीएस, पंचवटी, थेट त्र्यंबकेश्वरच्या स्टँडपर्यंत. फोनही धडाधड येऊ लागले. कुणी ओझरचा निवृत्त इंजिनिअर धरला, कुणी लग्नातला मुलीचा मामा. गंगापूर रोडच्या एका साहेबांना सकाळच्या फेरीत तीनदा घेरलं, तेव्हा त्यांनी स्वतःच फोन करून आपण हरवलेलो नसल्याचं कळवलं. शहरात कोट घालणारे जेवढे म्हातारे होते ते सगळे सापडले.

पंधराव्या दिवशी रविराज आणि संजना आणखी पत्रकं घेऊन त्र्यंबकला गेले. स्टँडबाहेर झुंबरबाईंची चहाची टपरी होती, तिच्या पत्र्यावर पहिलं पत्रक तसंच घट्ट. बाई स्वभावाने मोकळ्या. या साहेबांचा काही तपास लागला का, म्हणून त्यांनीच विचारलं. नाही म्हटल्यावर हळहळल्या आणि दुसरा फोटो नाही का म्हणाल्या. संजनाने मोबाइल काढला, पण देताना ओशाळली. हललेला आहे, नीट दिसणार नाही, असं आधीच सांगून टाकलं.

झुंबरबाईंनी मोबाइल हातातसुद्धा घेतला नाही. लांबूनच पाहिलं.

"हे तर आपलं बाबा," त्या म्हणाल्या. "किटलीवालं."

टपरीच्या पत्र्याला लागूनच बाकडं होतं. त्यावर, बरोबर त्या पत्रकाखाली, सावळीराम पाच दिवस बसले होते. चहा आणि खारी झुंबरबाईच देत. स्टँडवर गाडी लागली की ते उठत, दाराशी उभे राहत आणि लोकांना पुढे सरकायला सांगत. लोकही सरकत.

"मी एकदा इचारलं बी," त्या पदराने ओठ पुसत म्हणाल्या. "मजाकमधी. म्हटलं, बाबा, ह्ये वर कोटातलं तुम्हीच काय? तर मान हलवली, नाय म्हनून. मान तर त्यांची हलतीच हाय म्हना. मी हसले आन् कप इसळाया गेले."

"आता कुठे आहेत?" संजनाने विचारलं.

"बेस्तरवारी गेलं. सुरगान्याची गाडी लागली व्हती. कंडक्टर म्हनला, बसा काका, आपल्याच खात्यातलं दिसता."

तो दिवस सोमवार होता.

दोघांनी तिथूनच सुरगाण्याच्या स्टँडवर फोन लावला, तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. घरी लताबाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "कोट मीच मागितला होता." त्यावर रविराजने काही बोलायला हवं होतं. मावशी, कोट मी आधीच उचलला होता, एवढं पुरलं असतं. त्याने समोरचं पाणी प्यायलं, पेला नीट पालथा घातला आणि निघाला. माणसं कुठे कमी पडतात ते कुठल्याच फोटोत येत नाही, आणि हे रविराजइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या पत्रकावर त्याने तो फोटो जसाच्या तसा घातला. तीन चेहरे, पडलेला खांदा, वर गेलेला हात. छापणाऱ्याने दोनदा विचारलं, फोटो हललेला आहे, चालेल ना. रविराज फक्त छाप म्हणाला.

आणि फोन खरे यायला लागले. सुरगाण्याच्या जीपस्टँडवरून एकाने सांगितलं की हे बाबा दिवसभर आमच्या जीपा भरून देत होते, नागलीची भाकरी दिली ती बसून खाल्ली. दोघे धावत गेले. हाती किटली लागली, जीपवाल्याने जपून ठेवलेली. बाबा चार दिवसांपूर्वी निघाले होते. मग अगदी उलट्या दिशेने, सायखेड्याहून फोन आला. नदीच्या पुलावर दिसले, परवा. मग दिंडोरीहून, मग पुन्हा सुरगाण्याकडून. प्रत्येक फोन खरा. खांदा बरोबर, हात बरोबर, "पुढे सरका" बरोबर. एकाही माणसाने चेहऱ्याचं नाव काढलं नाही. पण प्रत्येक फोन दोन दिवस, चार दिवस उशिराचा. त्र्यंबकच्या बाकड्यावर सलग पाच दिवस बसलेला माणूस पुन्हा कुठे दोन रात्री टिकला नाही.

जानेवारीत थंडी वाढली. शेवटचा फोन एका मास्तरांचा. गुजरातकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक म्हातारा दिवस मावळताना चाललेला पाहिला होता, अंगात स्वेटर नव्हता. एक हात वर होता का, असं संजनाने विचारलं. मास्तर म्हणाले, दोन्ही हात काखेत होते. रविराजने पलीकडच्या गावांत गुजरातीतूनही पत्रकं लावली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. फोन वाजला तो पासपोर्ट फोटोंसाठी.

एप्रिलच्या सुरुवातीला लताबाईंनी निरोप पाठवला की ते कोटातले कागद तेवढे काढून टाक, लोक अजून त्या माणसाला शोधताहेत. रविराज पत्र्याची खरवडणी घेऊन निघाला. द्वारका, सीबीएस, पंचवटी. खळ त्याचीच होती, सोडत नव्हती. कागद फाटायचा, निळा कोट सुटायचा, आणि गुळगुळीत चेहऱ्याचा एखादा तुकडा खांबाला तसाच राही.

शेवटी तो त्र्यंबकला आला. टपरीच्या पत्र्यावर खरवडणी टेकवली तेवढ्यात झुंबरबाई आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ना दादा त्याला. बाबा ह्याच्याखाली बसायचे. आले माघारी तर जागा वळखतील."

बाबा येणार नाहीत हे रविराजला कळत होतं. बाईंनाही कळत असावं, कारण त्यांनी त्याच्याकडे न बघता चहा गाळायला घेतला. त्याने खरवडणी पिशवीत टाकली आणि बाकड्यावर बसला. डोक्यावर त्याने केलेला तो साहेब, खांदे सरळ, मान सरळ, जगात कुणाचाच नसलेला. समोर गाडी लागली. दाराशी गर्दी झाली, सगळे एकमेकांना ढकलत होते आणि पुढे सरका म्हणणारं कुणी नव्हतं.