म्हाताऱ्या बाउकिसचा चेहरा

अँटवर्पमध्ये मोठं चित्र एकाच्या हातून कधी उतरत नसे. झाडं एकाची, जनावरं दुसऱ्याची, चेहरे उस्तादाचे. उस्ताद गोमारच्या नव्या तैलचित्रातला हंस शेजारच्या लीफेनने झकास रंगवला होता. चित्रात वेष पालटून आलेले जुपिटर आणि मर्क्युरी हे देव जेवायला बसले होते. त्यांच्यासाठी घरातला एकुलता एक हंस धरायला धावणारं गरीब म्हातारं जोडपं, बाउकिस आणि तिचा नवरा फिलेमोन, तेवढं बिनचेहऱ्याचं होतं. हे चेहरे गोमारनेच करायचे, दुसऱ्याचा कुंचला लागला तर चित्र परत, असं गिऱ्हाइकाने लिहून घेतलं होतं.

बाउकिसच्या चेहऱ्यासाठी त्याची बायको डिम्फ्नाच समोर बसली. एवढी वर्षं ती त्याच्या चित्रांत सुंदर देवी झाली, कधी व्हीनस, कधी डायना. आता म्हातारी व्हायची पाळी आली म्हणून कुरकुरली, पण मनातून खूश होती. चार दिवसांनी ती चित्र बघायला उठली आणि कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"अहो, ही कोण सटवी?"

"तूच की."

"मी? विशीतली? सात बाळंतपणं, दोनदा प्लेग, शिवाय तुम्ही! एवढं सोसून कमावलेल्या सुरकुत्या गेल्या कुठे?"

"मला नाही दिसत तुझ्या सुरकुत्या."

लाडीगोडी समजून ती हसणार होती. पण गोमार हे बोलला ते ती उठली त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. डिम्फ्नाने त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.

"केव्हापासून?"

"ईस्टरपासून सगळं धुक्यातलं दिसतंय. लीफेनला सांगू नकोस. चेहरे जमेनात म्हटल्यावर माझी उस्तादकी संपलीच."

तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, एवढे दिवस चोरून ठेवल्याचा. मग तिने त्याचा हात ओढून आपल्या तोंडावर ठेवला.

"ही कपाळावरची आडवी. ही डोळ्याच्या कोपऱ्यातली, तिला तीन फाटे. हनुवटीखाली लोंबतंय तेही घ्या मेलं."

तो डाव्या हाताने चाचपायचा, उजव्याने रंगवायचा, कुंचला भरकटला की ती "वर, वर!" म्हणून ओरडायची. आठवड्याभरात बाउकिस चांगली म्हातारी झाली. लीफेन आला आणि चित्राला नाक लावून बघू लागला. "उस्ताद, असा चेहरा तुम्ही आजवर केला नव्हता," म्हणाला.

उरला फिलेमोन. त्याच्यासाठी गोमार आरशासमोर बसला, आणि नुसता बसूनच राहिला.

"माझाच चेहरा मला आठवत नाही गं."

डिम्फ्नाने आरसा भिंतीकडे फिरवला आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"मी बघतेय ना शेहेचाळीस वर्षं. सांगते. कुंचला घ्या. नाकापासून सुरुवात करू, तेच सगळ्यात मोठं आहे."