नकाशाने पुसलेला धक्का

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. माझी काच तडकली आहे, बॅटरी फुगली आहे आणि पाठीला सायकलच्या ट्यूबचा रबर बांधलेला आहे. मला पाहून तुम्ही नाक मुरडाल. मुरडा खुशाल. पण माझी हकीकत ऐकल्यावर, नाक कशासाठी मुरडायचं ते पुन्हा एकदा ठरवा.

कुठल्याशा कारखान्यात मी तयार झालो, ते काही आठवत नाही. आठवतं ते कंपाला शहरातलं जिन्याखालचं दुकान. तिथून नांतोंगो नावाच्या बाईने मला घेतलं. ती बायकांचे पायघोळ कपडे शिवायची आणि गाठोडं बांधून गावोगाव पोचवायची. तिच्या बोटांना नेहमी दोऱ्याची कुसं चिकटलेली असत. रोज संध्याकाळी ती मला पदराने पुसायची.

तिचा नवरा लुबोवा. तो बुलेगेया गावाहून शहरापर्यंत प्रवासी व्हॅन चालवतो. एकदा व्हॅनच्या अड्ड्यावर फोनात चालणारा रस्त्यांचा नकाशा घेऊन काही तरुण मंडळी आली. ती म्हणाली, "फोन गाडीत ठेवा. गाडी आपटली की त्याला कळतं. तो नकाशाला कळवेल आणि मागून येणारा सावध होईल." चालक हसले. एकजण म्हणाला, "आमचं ढुंगण आपटतं तेव्हा आम्हाला कळत नाही होय?"

नांतोंगोने मात्र तो नकाशा माझ्यात घालून घेतला. "तुम्ही पुरुष रस्त्याला शिव्या देता आणि घरी येऊन जेवता," ती म्हणाली. "मी निदान कुणाला तरी सांगेन."

ते काम मला फार आवडलं. एका जागी बऱ्याच फोनांना धक्का बसला की नकाशावर लाल ठिपका उमटे. बाकी रस्ता हिरवा राही. एका परगावच्या चालकाने लुबोवाला थांबवून सांगितलं होतं, "तुझ्या घरच्या फोनने माझं चाक वाचवलं." त्या दिवशी तिने मला दोनदा पुसलं.

आता त्या खड्ड्याचं सांगतो. सांगताना शिसारी येते, पण सांगायला हवं. बुलेगेयाच्या मक्याच्या गिरणीसमोर तो होता. माणूस गुडघाभर बुडेल एवढा. त्यात गिरणीचा आंबलेला कोंडा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि केळीच्या कुजक्या साली पडलेल्या असत. वरून हिरवट साय धरलेली. येणारेजाणारे त्यातच थुंकायचे. चालकांना इशारा म्हणून लोकांनी मध्यभागी केळीचं रोप लावलं होतं. ते चांगलं फोफावलं. भर रस्त्यात केळ वाढते आहे याची कुणाला लाज वाटली नाही. उलट तिला घड कधी लागणार यावर अड्ड्यावर पैजा लागल्या.

आणि सगळे तो खड्डा चुकवायचे. व्हॅन, ट्रक, भाड्याच्या मोटारसायकली, सगळे डावीकडून गिरणीच्या ओट्याला घासून जायचे. लुबोवा त्यात सगळ्यांत तरबेज. "माझ्या गाडीत चहा सांडत नाही," असं तो म्हणायचा आणि प्रवासी मान डोलवायचे.

तुमच्या लक्षात आलं का, मित्रांनो? जो खड्डा सगळेच चुकवतात, त्याचा धक्का कुठल्याच फोनला बसत नाही. नकाशावर ती जागा हिरवीगार होती.

मग कुणी मोठा माणूस बाजाराचं उद्घाटन करायला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी रस्त्यांच्या कचेरीची माणसं आली. त्यांनी केळ उपटून गटारात फेकली. घाण उपसलीही नाही. तिच्यावर मुरूम पसरला, बुटांनी चोपला आणि माणसं निघून गेली. रात्री पाऊस झाला. सकाळी खड्ड्याच्या जागी लालसर, सपाट रस्ता दिसत होता. खाली नुसता राडा होता.

नांतोंगो गाठोडं घेऊन एका मोटारसायकलीवर मागे बसली होती. "बुजवला वाटतं एकदाचा," ती म्हणाली. आयुष्यभर डावीकडून जाणारा तो मोटारसायकलवाला त्या दिवशी पहिल्यांदा सरळ गेला. पुढचं चाक आत गेलं.

मी तिच्या पिशवीत होतो. तो धक्का जेवढा होता तेवढा मी नकाशाला कळवला. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. लुबोवाच्या गावी, केळीच्या बागेत तिला पुरलं. लोक पांगल्यावर त्याने माझ्यावरचा चिखल नखाने खरवडून काढला.

काही दिवसांनी तो मला घेऊन त्या कचेरीत गेला. साहेब भाजलेले शेंगदाणे खात होते. फोलपटं टेबलावर पडत होती आणि साहेब ती फुंकरीने लुबोवाच्या बाजूला उडवत होते. त्यांनी पडद्यावर तोच नकाशा उघडला.

"हे बघा, हिरवं. दुरुस्ती लाल जागांची होते."

"साहेब, माझी बायको तिथं गेली. हा फोन तिच्याजवळ होता."

साहेबांनी शोधलं. "हां, एक धक्का आहे. पण एकच. शेजारी दुसरा नाही. म्हणून यंत्राने तो काढून टाकलाय. फोन हातातून पडला असं धरलंय."

"फोन नाही पडला," लुबोवा म्हणाला. "ती पडली."

"ते मला कळतं हो. पण यंत्राला कसं कळणार?" साहेबांनी आणखी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

मला त्या खोलीची किळस आली. खड्ड्याची आली होती त्याहून जास्त.

लुबोवा अड्ड्यावर आला आणि चालकांना म्हणाला, "उद्यापासून चुकवायचं नाही. हळू, पण खड्ड्यातून जायचं. फोन चालू ठेवून."

"आणि गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटले तर तुझी सासू देणार का नवे?" कुणीतरी म्हणालं. हशा झाला. लुबोवाच्या व्हॅनचा कंडक्टर कियागा तेवढा हसला नाही. तो जाडजूड, चाळिशीचा माणूस. "दात काय काढता?" तो म्हणाला. "चुकवण्यात तुम्ही सगळे पहिले. बायको आजारी पडली की तिलाही डावीकडून चुकवून जाता."

दुसऱ्या दिवशी लुबोवाने मला ट्यूबच्या रबराने व्हॅनच्या पुढच्या काचेजवळ बांधलं. पावसाने मुरूम वाहून गेला होता आणि खड्डा पुन्हा तोंड वासून होता. काठावर व्हॅन थांबली.

"तू उतर," तो कियागाला म्हणाला.

"नाही उतरत. चालव गुमान."

मागून कोंबड्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी ओरडली, "डोळे विकलेस का रे? डावीकडून जा की!"

"जाजा," लुबोवा म्हणाला. आजीच्या वयाच्या बाईला तिथे असंच म्हणतात. "माझी बायको इथं गेली. नकाशाला ते माहीत नाही. मी आपटलो तरच कळेल."

म्हातारी पुढे सरकली. मग तिने टोपली कियागाच्या मांडीवर ठेवली. "नीट धर. अंडी देतात त्या." आणि लुबोवाला म्हणाली, "जा मग. हळू जा, पण जा."

व्हॅन आत उतरली. घाण पाणी काचेपर्यंत उडालं. माझी काच तडकली ती तेव्हाच. मी धक्का कळवला.

येताना पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. लोकांनी शिव्या दिल्या, काही त्याच्या गाडीत बसेनासे झाले. मग ती म्हातारी बाजारात बोलली असावी. हसलेल्यांपैकी एकाने आपली व्हॅन त्याच्या मागून आत घातली. मग आणखी एकाने. कपडे शिवून घेणाऱ्या बायका मोटारसायकलवाल्यांना सांगू लागल्या, "उतरून ढकल, पण फोन खिशात ठेवून आतूनच ने." हळूहळू ती हिरवी जागा लाल झाली.

मग कचेरीची माणसं डांबर घेऊन आली. खड्डा बुजला. साहेबांनी त्यावर उभं राहून फोटो काढला, कचेरीच्या दक्षतेबद्दल दोन शब्द लिहिले आणि जाताना फोलपटं नव्या डांबरावर टाकली. नांतोंगोचं नाव कुठेच आलं नाही. तिचा धक्का अजूनही नकाशात नाही. तो फक्त माझ्याजवळ आहे.

आता तो नकाशा माझ्यावर चालत नाही. मी त्याला फार जुना झालो. लुबोवाकडे नवा फोन आहे. "विकून टाक ते डबडं," कियागा म्हणतो. "राहू दे," लुबोवा म्हणतो आणि सदऱ्याच्या टोकाने मला पुसतो.

मित्रांनो, तुम्हाला कळणारा धक्का तुम्ही चुकवलात तर तो मागच्याला बसतो. म्हणून चुकवा, पण सांगा. आणि कुणी सांगितलं तर त्याला पुसून टाकू नका.

बुलेगेयाचे चालक सवयीने अजून गिरणीच्या ओट्याला घासून जातात. लुबोवा तेवढा सरळ जातो. त्या जागी तो वेग कमी करतो आणि माझ्याकडे बघतो. मला कसलाच धक्का जाणवत नाही. मग तो गियर बदलतो.