पोप ग्रेगरींची रडणारी कुपी

आखातातल्या हूरा वस्तीतल्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, गॅलरीत माणसं, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी असलेली माणसं. एक्क्याऐंशी सालचा सप्टेंबर. हवा इतकी दमट की अंगातला शर्ट पाठीला चिकटलेला, आणि तरीही एसी बंद, खिडक्या सताड उघड्या. एसीच्या घरघरीत संतांना आपली प्रार्थना ऐकू येत नाही, असं ब्रदर लेस्लीचं फर्मान होतं. चौदाशे वर्षांपूर्वी वारलेल्या संताचे कान एवढे नाजूक कसे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

हा लेस्ली कुठल्या धर्मसंघाचा ब्रदर, हेही कुणी विचारलं नाही. पांढरा झगा, छातीवर हातभर क्रूस आणि "रोमहून थेट आलोय" एवढं भांडवल त्याला पुरलं. चर्चच्या फादरांना मात्र कळवायचं नव्हतं. "फादर लोगों को जलन होती है, समझा करो," तो डोळा बारीक करून सांगायचा.

आतल्या खोलीचं दार उघडलं. दोन्ही हातांत रुमालावर काचेची जाड कुपी घेऊन लेस्ली बाहेर आला. कुपीत बोटाच्या पेराएवढं पिवळट हाड.

"रोममध्ये प्लेगनं माणसं पटापट मरत होती!" त्यानं आवाज चढवला. "पोपसुद्धा गेले! मग पोप कोण झालं? ग्रेगरी! त्यांनी प्रार्थनेची मिरवणूक काढली आणि प्लेग खलास! त्याच पोप ग्रेगरींच्या बोटाचं हे हाड. आज ते तुमच्यासाठी रडणार. यल्ला, चला, गुडघे टेका!"

माणसं धडाधड खाली बसली. बघता बघता काच धुरकट झाली, तिच्यावर थेंब धरले आणि ओघळून रुमालावर पडले. बायकांना हुंदके फुटले. पुण्याचा शरच्चंद्र हा कारखान्यातला इंजिनिअर, दिवसभर गार आणि गरम पाइपांशी झटापट करणारा, त्यानंही हात जोडले. लेस्ली कापसाच्या बोळ्यांनी ते अश्रू टिपून वाटू लागला.

वसईचा हिलरी पुढच्याच रांगेत होता. शेजारी त्याची दहा वर्षांची ग्लॅडिस. हिलरी तिथूनच जवळ एका हॉटेलात बारवर कामाला होता. ग्लॅडिसला लहानपणापासून डायबिटीस. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. बायको टेरेसा नर्स, एरवी सुई तीच द्यायची. पण तिची आई घरात पडली म्हणून ती वसईला गेली होती आणि जाताना हिलरीला सगळं शिकवून गेली होती. सुई टोचताना पोर ओठ दाबून धरायची. ते बघून हिलरीचा जीव तुटायचा.

ग्लॅडिस त्याच्या कानाशी लागली. "डॅडी, इट्स लाइक युअर बिअर ग्लास."

तिनं हॉटेलात पाहिलं होतं. गिऱ्हाइकासाठी डॅडी फ्रीजरमधून ग्लास काढतो, आणि काउंटरवर ठेवेपर्यंत त्याला घाम फुटतो.

"चूप! देवाच्या गोष्टीत बिअर काढतेस?"

पोर गप्प बसेल तर शपथ! शुक्रवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आलोशियस सरांनी याच पोपची गोष्ट सांगितली होती. ग्रेगरींना पोप व्हायचंच नव्हतं, मठात राहायचं होतं. त्यांचं पोट कायम दुखायचं, सांधे इतके धरायचे की सणालासुद्धा अंथरुणातून उठवत नसे. तसेच पडल्या पडल्या ते रोमच्या गोरगरिबांना धान्य पोचतं की नाही ते बघत. "देन व्हाय डिडन्ट ही क्युअर हिमसेल्फ?" ग्लॅडिसनं विचारलं.

हिलरीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

नोव्हेना सुरू झाली, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आता वसईकडची रीत अशी की नोव्हेना धरली की माणूस आवडीचं काहीतरी सोडतो. कुणी मासळी सोडतं, कुणी दारू. लेस्लीनं हिलरीला बाजूला घेतलं. "तुम मछली छोडेगा, उससे क्या होगा? जिस पर भरोसा है वो छोडो. सुई छोडो. संताला दाखव तुझी श्रद्धा कुणावर आहे ती."

आणि हिलरीनं ऐकलं. त्याला काय वाटलं असेल? लेकीला बरं करून टेरेसाला विमानतळावर सांगू, बघ, सुई सुटली! प्रेमापोटीच केलं हो त्यानं, आणि तेच आठवून आजही चीड येते आणि रडूही येतं.

सुई नाही म्हटल्यावर पोर आधी नाचली. मग तिला तहान लागू लागली. घटाघट पाणी प्यायची आणि पुन्हा मागायची. मग उलट्या सुरू झाल्या. हिलरी कापूस तिच्या पोटावर फिरवायचा. लेस्ली म्हणाला, "संत परीक्षा बघतायत. अभी मत टूटना." शेवटी ग्लॅडिसच म्हणाली, "डॅडी, प्लीज, गिव्ह मी द नीडल." तो म्हणाला, "उद्या, बाय. थोडी कळ काढ."

शुक्रवारी ती वर्गाला आली नाही म्हणून आलोशियस सर घरी आले. ते बँकेत कामाला, नेहमी शांत असणारे. दार उघडताच त्यांनी तिचा भराभर चालणारा श्वास पाहिला, काही न विचारता तिला उचललं आणि गाडीत घातलं.

"इन्सुलिन कब दिया था?" डॉक्टर ताहेरांनी विचारलं. हिलरी बोटांवर दिवस मोजू लागला. डॉक्टरांनी जीव तोडून प्रयत्न केले, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ग्लॅडिस गेली.

टेरेसा आली ती दफनालाच. तिनं हिलरीला एकच विचारलं, "तिनं सुई मागितली होती का?" तो हो म्हणाला. 

लेस्लीची नोव्हेना मात्र चालूच होती. गर्दी तेवढीच. "मुलगी गेली, कारण बापाची श्रद्धा कच्ची होती," त्यानं खुशाल सांगितलं. तेवढ्यात हिलरी आत आला, मागे टेरेसा आणि आलोशियस सर. हिलरीच्या हातात बर्फ घातलेला थर्मास होता.

"लेस्ली," सर म्हणाले, "ग्रेगरींच्याच काळात काही परदेशी साधू रोममध्ये उघड्या शेतात साधीसुधी हाडं उकरताना पकडले गेले. संतांची म्हणून ती मायदेशी नेणार होते. हे ग्रेगरींनीच लिहून ठेवलंय. तेव्हाच्या सम्राज्ञीनं संत पॉलचं शिर मागितलं, तिलाही त्यांनी नकार दिला. ते स्वतः चमत्कार मानणारे होते, तरीसुद्धा. मग त्यांचं बोट तुझ्याकडे कसं आलं?"

लेस्ली तोंड उघडतो न उघडतो तोच सर पुढे म्हणाले, "आणि एक आख्यायिका आहे. रोममध्ये एक भिकारी मरून पडलेला सापडला, तर ग्रेगरींनी तो स्वतःचा दोष मानला आणि कित्येक दिवस मिस्साची उपासना केली नाही. तू मेलेल्या लेकराचा दोष बापावर ढकलतोस?"

"दोष माझा आहेच," हिलरी म्हणाला. त्यानं थर्मासमधून इन्सुलिनची कुपी काढली, पुसून कोरडी केली आणि टेबलावर ठेवली. "आता हिच्याकडे बघा. प्रार्थना करू नका. नुसतं बघा."

काच धुरकट झाली. तिच्यावर थेंब धरले. एक ओघळला.

हिलरी आतल्या खोलीत गेला आणि त्यानं फ्रीजरचं दार उघडून धरलं. बर्फात कुपीएवढा खळगा होता. "इथं ठेवतो हा. गार काच दमट हवेत आली की हवेतलंच पाणी तिच्यावर धरतं. एसी का बंद, खिडक्या का उघड्या, कळलं? मी रोज बारवर हे बघतो. रोज! आणि तरी इथं गुडघे टेकले."

शरच्चंद्रनं मान खाली घातली. लेस्ली झगा सावरत दाराकडे सरकला, तर चौघांनी त्याचे दंड धरले. तेवढ्यातही एक बाई हळूच म्हणाली, "पण थोडा कापूस मिळाला असता तर..." अशी असते ही भूल!

टेरेसानं इन्सुलिनची कुपी उचलली आणि पदरानं पुसली. काचेवर पुन्हा पाणी धरलं, तिनं पुन्हा पुसलं.

"ही कुपी सगळे दिवस माझ्या घरात होती," हिलरी बाहेर येऊन म्हणाला. "हिच्यात माझ्या पोरीचा जीव होता. तुम्ही प्रार्थना करा, मी नको म्हणत नाही. पण औषध सोडायला सांगतो तो देवाचा माणूस नव्हे. आणि डोळ्यांना दिसतं ते विचारायला लाजू नका. माझ्या ग्लॅडिसनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याच खोलीत. मी तिचं तोंड दाबलं. तुमचं लेकरू काही विचारेल, तेव्हा त्याला बोलू द्या."