बुचाला मरण नाही

यमराज हे त्याचे खरे नाव नव्हे. स्टुडिओतल्या मंडळींनी ते त्याला बहाल केले होते, आणि अकरा नायकांना स्वहस्ते परलोकी धाडलेल्या माणसाला त्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार उरला नव्हता. तो तीन-तीन मिनिटांचे ॲनिमेशनपट काढी. पहिल्यात लोण्याच्या गोळ्याने तापल्या कढईला मागणी घातली. "तू मला भावासारखा आहेस," असे ती म्हणाली आणि तो जागच्या जागी वितळला. दुसऱ्यात एका लखोट्याने टपालपेटीपाशी मन मोकळे केले. "माझ्याकडे रोज शेकडो येतात," हे तिचे उत्तर ऐकून तो कागद कातरणाऱ्या यंत्रात चालत गेला. पुढचे नऊ नायकही याच वाटेने गेले. प्रेक्षक खो खो हसत, परीक्षक मान डोलावत, आणि 'नकाराचे वास्तव केवळ मलाच कळले आहे' हा त्याचा समज दरवर्षी अधिक पक्का होई.

बाराव्याच्या वेळी मात्र निर्मातीबाईंनी त्याला समोर बसवले.

"लोक आता नकार यायच्या आधीच चितेची लाकडं रचायला लागलेत," त्या म्हणाल्या. "हा जगला पाहिजे."

"बाई, मग ती परीकथा होईल."

"लग्न लावा म्हणत नाही मी. नकार येऊ दे, पण त्यानंतर तो जगू दे. शुक्रवारी दाखवा. नाही जमलं, तर शेवट मी दुसऱ्याकडून काढून घेईन."

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागले. स्वतःच्या चित्रांचा शेवट परक्या हाताने काढावा, यापरते मरण नाही, असे त्याचे ठाम मत होते. आणि मरणाविषयीच्या त्याच्या मताला वजन होते.

मोह आवरावा म्हणून त्याने नायकच असा निवडला, की जो बुडू शकणार नाही: बाटलीचे बूच. त्याचे प्रेम खिडकीतल्या पत्र्याच्या झारीवर. पण नकारापाशी पेन्सिल पोहोचली की तिला जणू उतार लागे. मंगळवारी बूच उंदराने कुरतडले. बुधवारी सकाळी ते भट्टीत गेले आणि दुपारी किसणीवर.

तो थोरल्या बहिणीकडे राहत असे. ती शाळेत गणित शिकवी आणि घरीही उत्तर बरोबर आल्याशिवाय कोणाला सोडत नसे.

"आज काय झालं त्याचं?" ताट वाढता वाढता तिने विचारले.

"किसलं."

"बूच?"

"ताई, शोकान्त हाच प्रेमाचा प्रामाणिक शेवट आहे."

"तुला नाही म्हणणारी अजून ठणठणीत आहे. तूही दुसऱ्यांदा वाढून घेतोयस. मग ही गरीब भांडीकुंडी का मरताहेत?"

"कलेत निवड करावी लागते."

"बरं. वाढू अजून?"

"थोडंसं," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दाने आपली बाजू लंगडी पडली, हे त्याच्या लक्षात आले.

गुरुवारी सकाळी तो आवाजाच्या खोलीत गेला. चित्रातल्या पात्रांना आवाज नसतो. त्यांचे प्रत्येक पाऊल, प्रत्येक खडखडाट कोणीतरी खऱ्या वस्तूंनी करावा लागतो. ते काम करणारी बाई फरशीच्या तुकड्यावर जुने बूट आपटून पाहत होती. चार वर्षांपूर्वी याच खोलीत त्याने तिला विचारले होते आणि ती नाही म्हणाली होती. त्यानंतर अकराही चित्रपटांचे आवाज तिनेच केले होते. त्या गोष्टीचा उल्लेख दोघांनीही कधी केला नव्हता.

"यादी दे," ती म्हणाली. "नकारानंतर पावलं किती?"

"पावलं नाहीत. अजून ठरत नाहीये. बहुतेक तो..."

"मरतो." तिने बूट खाली ठेवले. "तुझ्या नायकांच्या मरणापायी मी आजवर सहा किलो गाजरं मोडली आहेत. हाडांचा आवाज गाजरासारखा दुसऱ्या कशाचा येत नाही. प्रत्येक वेळी नकार देणारी माझ्यासारखीच डाव्या हाताने कान चोळते, हेही मी पाहते. मी आंधळी नाही."

त्याला कुठे पाहावे ते कळेना. त्याने बुटांकडे पाहिले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी नाही म्हटल्यावर तू काय केलंस?"

"गेलो."

"मग?"

"मग काय. गेलो."

"जिन्यापर्यंत गेलास आणि परत आलास. डबा विसरला होतास. डबा सापडला, पण झाकण सापडेना. मग आपण दोघं टेबलाखाली रांगत झाकण शोधत होतो. पाच मिनिटं. तू म्हणालास, 'त्या झाकणाशिवाय ताई मला घरात घेणार नाही.' तेव्हा मला इतकं हसू आलं, की मी तोंडावर हात धरून बसले."

त्याला सगळे आठवले. कपाटामागची धूळ आठवली, आणि झाकण हाती लागताच तिला कप जिंकल्यासारखे ते उंचावून दाखवणारा आपला हातही आठवला.

"हे चित्रात येण्यासारखं नाही," तो म्हणाला. "त्यात गांभीर्य नाही."

"गांभीर्याचं नाव पुढे करू नकोस. तुला लाज वाटते. मेलेला नायक रुबाबदार दिसतो. झाकण शोधणारा दिसत नाही."

यावर त्याच्यापाशी दोन सडेतोड उत्तरे होती. त्याने एकही दिले नाही, ही त्याच्या आयुष्यातली विरळा घटना. तो आपल्या टेबलाशी गेला.

झारी कान चोळते, नाही म्हणते. बूच खिडकीच्या कडेपर्यंत जाते; खाली अथांग पाण्याची बादली. ते थांबते, डोके चाचपते. त्याची चंदेरी टोपी झारीच्या तोटीच्या काठावर राहिली आहे. ते परत येते. टोपी सरकून झारीच्या तोटीत पडते. मग झारी वाकते, बूच तोटीत डोकावते, अडकते, आणि झारीतला शुक्राचार्य होऊन पाय झाडत राहते. झारी शिंकते. बूच बाहेर उडते, टोपीसकट. दोघे एकमेकांकडे पाहतात. मग ते जाते, पण या वेळी बादलीकडे नाही, जिन्याने.

शुक्रवारी निर्मातीबाईंनी ते आवाजाविना पाहिले. संपल्यावर त्या चष्मा पुसून म्हणाल्या, "पुन्हा लावा." दुसऱ्यांदा शिंकेपाशी त्या हसल्या, आणि जिन्यापाशी पुढे वाकून पाहू लागल्या. "शेवट तुमचाच राहू दे," एवढेच त्यांनी सांगितले.

दुपारी आवाजवालीने ते जुने बूट त्याच्यासमोर ठेवले.

"ही पावलं तू चाल. त्या दिवशी ती जिन्यावर कशी पडली होती, ते मला फक्त इथून ऐकू आलं होतं."

त्याने बूट चढवले. ते एक माप मोठे होते. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला आणि तो फरशीच्या तुकड्यावर जागच्या जागी चालू लागला: जड, सावकाश, एकेका पावलात अकरा अंत्ययात्रा घेऊन.

तिने दिवा बंद केला.

"पुन्हा," ती म्हणाली. "या वेळी जरा कमी मेल्यासारखा चाल. तुला घरी जायचंय, भूक लागलीय."

खरेच लागली होती. तो पुन्हा चालला.