बाराच्या बारा सत्तर

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं तर चालतं. खोटा म्हटलं तर चालत नाही. माझ्या चिठ्ठीवर मात्र तेच लिहिलं आहे, म्हणून आज बोलावं लागतंय.

मी एक जुना दाबमापक आहे. ताटलीएवढी पांढरी तबकडी, शून्य ते शंभर आकडे, एक काळा काटा. माझ्या पोटात प्रश्नचिन्हासारखी वाकवलेली चपटी पितळी नळी आहे. तिच्यात दाबाखालचं पाणी शिरलं की ती सरळ व्हायला बघते. ती जितकी सरळ होते, तितका काटा फिरतो. एवढंच माझं शरीर. त्यात स्वतःचं मत ठेवायला जागाच नाही.

माझा जन्म ताइचुंग शहरातल्या एका गल्लीतला. ज्या बाईंनी मला घडवलं त्यांनी माझ्यावर नेमक्या वजनांचा दाब देऊन एकेक आकडा तपासला आणि मगच माझी काच बसवली. तिथून मी आमच्या बेटाच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात, आरमाराच्या तपासणी शेडमध्ये आलो. तिथे पोलादाचा एक जाड हंडा होता. त्याच्या माथ्यावर मला आट्यांनी बसवलं. तिथे मी सव्वीस वर्षं राहिलो.

काम सोपं होतं, पण महत्त्वाचं होतं. पाण्यात लपलेल्या पाणबुडीच्या मागे जहाजावरून पाणतीर सोडतात. त्याला टॉर्पेडोही म्हणतात. त्याचे तुकडे एकमेकांना जोडलेले असतात आणि दर सांध्यात एक काळी रबरी कडी असते, बांगडीसारखी. समुद्रात दर दहा मीटरला दाब एका मापाने, म्हणजे एक बारने, वाढतो; सातशे मीटरवर सत्तर. तिथे शेपटीच्या कडीतून पाणी झिरपलं की बॅटरी मरते आणि पाणतीर धोंड्यासारखा तळाला जातो. वर जहाज असतं, जहाजावर माणसं असतात, आणि पाणबुडी तशीच धडधाकट असते.

म्हणून प्रत्येक कडी आधी आमच्या पाण्याने भरलेल्या हंड्यात, तसल्याच एका सांध्यात बसवली जायची; ती गळली की पाणी बाहेर जायचं आणि दाब उतरायचा. पंपाने दाब सत्तरवर न्यायचा, पंपाकडची झडप घट्ट बंद करायची, पंप थांबवायचा आणि वीस मिनिटं माझ्याकडे बघत बसायचं. काटा एका आकड्यापेक्षा जास्त उतरला तर कडी नापास.

हे सगळं थू उस्ताद करायचे. हात रापलेले, कानावर पेन्सिल, बोलणं मोजकं. एका सरावात बिनस्फोटकाचे अकरा पाणतीर सोडले आणि धाव संपल्यावर अकराही ठरल्या जागी नीट वर आले. तेव्हा सगळे त्यांचं अभिनंदन करायला लागले, तर ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला कशाला? त्याला सांगा. मी नुसता बघत बसतो." ते ऐकून माझा काटा थरथरला असता, पण तेव्हा दाब नव्हता.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही.

बाहेरून येणाऱ्या नेहमीच्या कड्या मिळेनाशा झाल्या. खरेदी समितीने एका नव्या पुरवठादाराला काम दिलं. नमुना म्हणून आलेल्या तीन कड्या उत्तम होत्या. मी स्वतः त्यांना पास केलं होतं. मग खोके आले. उस्तादांनी पहिलं खोकं फोडलं, एक कडी नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "हिला तर चपलेचा वास येतोय!"

पहिली कडी हंड्यात गेली. वीस मिनिटांनी मी चौसष्ट दाखवलं. दुसरीला एकसष्ट.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला माहीत हवी. आमच्या बेटावर कुठल्याही मोठ्या यंत्रावर हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवतात. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाणं बाळ' असा. पुडी हिरवीच हवी, फोडलेली नको, आणि वरची तारीख उलटलेली नको. मग यंत्र शहाण्यासारखं वागतं. शिकले-सवरलेले इंजिनियरही ठेवतात. आमच्या हंड्यावरही होती. मला तिचा कधी राग नव्हता. सोबत होती बिचारी.

तपासणीचे प्रमुख वंग साहेब हातात कोहळ्याच्या गोड चहाचा पेला घेऊन आले. "काय उस्ताद, किती झाल्या? शुक्रवारी जहाज निघतंय. बारा पाणतीर शेपटीच्या कडीवाचून उघडे पडलेत."

"दोन केल्या. दोन्ही नापास."

"नमुने पास झाले होते ना?"

"झाले होते."

वंग साहेबांनी चहाचा पेला नोंदवहीवर ठेवला, हंड्यावरची पुडी उचलली, उलटी केली आणि मोठ्याने हसले. "अहो, ही बघा! तारीख उलटून तीन आठवडे झालेत. शिळा खाऊ घातलात तर यंत्र रुसणार नाही तर काय करणार?"

मला वाटलं, उस्ताद आता हसतील आणि कामाला लागतील. ते हसले नाहीत. त्यांनी पुडी हातात घेतली, तारीख दोनदा वाचली आणि कपाळावर हात मारला. "माझीच चूक. मागच्या महिन्यातच बदलायला हवी होती." सव्वीस वर्षं माझ्याकडे बघणारा माणूस! कडीला चपलेचा वास येतोय हे त्याचं नाक सांगत होतं, माझा काटाही तेच सांगत होता, आणि तो खाऊची तारीख वाचत होता.

नवी पुडी आली. तिसरी कडी आत गेली. मी त्रेसष्ट दाखवलं.

"नवी पुडी आहे," वंग साहेब म्हणाले, "तिला जरा रुळू द्या. आणि एक करा, पंप बंद करू नका. झडप थोडी उघडी ठेवा. यंत्राला आधार हवा."

उस्तादांनी झडप थोडी सैल केली. मग त्यांनी पंप चालू ठेवला.

मित्रांनो, यात काय झालं ते नीट समजून घ्या. कडी गळत होती, पण जितकं पाणी बाहेर जाई तितकंच पंप आत ढकलत होता. त्यामुळे दाब सत्तरवर राहिला. मी सत्तर दाखवलं, कारण दाब खरंच सत्तर होता. माझा आकडा खरा होता आणि तरी मी खोट्याचा साक्षीदार झालो. घाणेरड्या पाण्याने भरलेल्या पेल्यात स्वच्छ चमचा बुडवावा, तसं मला वाटलं.

"बघा, ऐकतंय ना आता?" वंग साहेब म्हणाले. "बाळ शहाणं झालं!"

"ऐकतंय," उस्ताद म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

गुरुवारी दुपारी जहाजाकडून माल ताब्यात घ्यायला जी अधिकारी आली, ती उस्तादांची मुलगी वान-छी. तिचं काम जहाजाच्या पोटात बसून पाण्याखालचे आवाज ऐकायचं. पाणबुडीचा आवाज पहिल्यांदा तिच्याच कानावर पडणार, आणि मग सुटणार ते हेच पाणतीर. तिने वहीवरचा चहाचा गोल डाग बोटाने पुसून पाहिला आणि वाचायला लागली.

"अप्पा, हे काय? बाराच्या बारा सत्तर?"

"पास झाल्या सगळ्या."

"पास होऊ देत. पण पंप थांबला की पाणी थोडं निवतं, काटा थोडासा तरी उतरतोच. कधी एकोणसत्तर पूर्णांक सहा दशांश, कधी आठ. लहानपणी मला इथे स्टुलावर बसवून तुम्हीच शिकवलंत. बरोबर सत्तर कुठून आलं?"

"नवी पुडी ठेवली ना, त्यामुळे..."

"अप्पा!" ती ओरडली. "मी तिथे खाली बसणार आहे. पुडी नाही बसणार."

उस्तादांनी उठून बारांतली एक कडी परत हंड्यात घातली. झडप घट्ट बंद केली. पंप थांबवला. सात मिनिटांतच मी अडुसष्टच्या खाली आलो. वीस मिनिटांनी एकसष्टवर होतो. असा नीट, असा मोकळा मी कधी उतरलो नव्हतो.

वंग साहेबांना बोलावणं गेलं. ते आले, काटा पाहिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "थू, तुझ्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. बाराही नोंदींवर तुझीच सही आहे. एकच ओळ लिही आणि मोकळा हो. दाबमापक सदोष."

वान-छी वडिलांकडे बघत राहिली. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, मग ती ठेवून पेन घेतलं आणि लिहिलं: दाबमापक सदोष. इथून पुढे मी त्याच्याबद्दल आदराने बोलणार नाही.

वान-छीने तेच पेन त्याच्या हातातून घेतलं. ताबा-पावतीवर तिने लिहिलं: 'माल स्वीकारला नाही. कड्या गळतात. दाबमापक ठीक आहे.' खाली नाव, हुद्दा, वेळ.

"वान-छी, ऐक तर..."

"चार जुने पाणतीर आहेत, ते घेऊन जाते," ती म्हणाली. "सोळाच्या जागी चार. निदान ते तरी चालतात हे मला माहीत आहे."

शुक्रवारी जहाज चार पाणतीर घेऊन निघालं. कड्यांची खोकी अजून शेडमध्ये आहेत. त्यांच्यावर 'नव्या दाबमापकाच्या प्रतीक्षेत' अशी चिठ्ठी आहे. म्हणजे नवा कुणी येईल, पंप चालू राहील आणि त्यालाही सत्तर दाखवावं लागेल.

मला गुरुवारी दुपारीच थूने पान्याने सोडवलं. आटे गच्च बसले होते, त्याला जोर लावावा लागला. मी आता भंगाराच्या पेटीत आहे, काचेवर 'सदोष' अशी चिठ्ठी. सोबत गंजलेले बोल्ट आणि एक तुटका पंखा.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझे भाऊबंद असतील. तापमापक, तराजू, घड्याळ. ते नको ते सांगायला लागले की त्यांच्यावर रागावू नका, आणि हवं ते वदवून घेण्यासाठी मागून पंप तर कधीच चालू ठेवू नका. आधी झडप बंद करा. वीस मिनिटं थांबा. मग बघा.

या पेटीत माझ्या नळीत पाणी नाही, दाब नाही. काटा शून्यावर आहे. बरोबर शून्यावर.