दोन पट्ट्यांचं ब्लँकेट

आमच्या देशाला जगात मान मिळाला, त्या आठवड्यात माझ्या सुनेची बॅग भरून दाराशी उभी होती.

मान म्हणजे परिषद. बड्या देशांचे पुढारी आमच्या शहरात येणार, जेवणार, हात मिळवणार, फोटो काढणार. त्यांच्यासाठी रस्त्याकडेच्या सगळ्या भिंती रंगवल्या. ज्यांच्या मागे घर उरलं नव्हतं, त्याही रंगवल्या.

आणि बॅग म्हणजे परदेशातली नोकरी. तिथल्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. ज्या देशाच्या स्वस्त मालाने आमची ब्लँकेटची गिरणी बंद पाडली, नेमकं त्याच देशात. म्हातारी घरातही होतीच, पण तिला सांभाळायचा पगार कोण देणार?

"गिरणी सुरू झाली तर राहशील?" मी विचारलं.

"माग हलला की बॅग रिकामी करते, आई. तुमच्यासमोर."

म्हणून परिषदेचा अधिकारी गिरणीतल्या जुन्या बायकांना गोळा करायला आला, तेव्हा मी सर्वांत पुढे उभी राहिले. त्याचं एकही वाक्य जगाशिवाय पुरं होत नसे. आम्ही त्याचं नाव जगसाहेब ठेवलं.

"आजी, जगाला आपली कला दाखवायची," तो म्हणाला. "प्रत्येक पाहुण्याला आपल्या गिरणीचं ब्लँकेट भेट. जगाने पाहिलं की ऑर्डरी येतील, ऑर्डरी आल्या की माग सुरू."

"पण लोकर कुठंय, साहेब?"

"लोकरीचं तुम्ही बघू नका."

बघावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी आवारात ट्रक आला आणि त्यातून तयार ब्लँकेटं उतरली. हात लावताच आम्हाला कळलं, ती कुठली ते.

"घ्या! मी तिकडे जायच्या आधी तिकडचा माल इकडे पोचला," सून म्हणाली.

जगसाहेबाने कापडी पट्ट्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. त्यांवर सोनेरी धाग्यात आमच्या देशाचं नाव होतं. "कोपऱ्यात ही शिवा. आणि आजी, तुम्ही व्यासपीठावर मागाशी बसायचं. विणल्यासारखे हात हलवायचे."

"मागावर धागा?"

"धाग्याने कचरा होतो."

एवढं सांगून तो गेला. ब्लँकेटांवरची आधीची परकी पट्टी कापा, असं काही तो बोलला नाही. ते सांगायला लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि कापायची असते, हे आमच्या डोक्यात आलं नाही.

आमच्या हातांना वेगळीच सवय होती. गिरणी चालत होती तेव्हा आमची ब्लँकेटं बोटीने बाहेर जात. कोपऱ्यात दोन पट्ट्या असत, एक विकणाऱ्या दुकानाची, दुसरी माल बनवणाऱ्या देशाची. बनवणाऱ्याची पट्टी निघाली तर बंदरावरून सगळा गठ्ठा परत येई, आणि कापणारीला मुकादम घरी पाठवी. तेव्हा आमच्यातल्या कितीजणींना वाचता येत होतं? मला तर अक्षरं फार उशिरा आली, आणि ती परकी लिपी आजही येत नाही. पट्टीवर काय लिहिलंय ते नाही, पट्टीला हात लावायचा नाही एवढंच आम्ही शिकलो होतो. म्हणून परक्या पट्टीखाली आमची पट्टी आम्ही सरळ रेषेत, दुहेरी टाक्याने शिवली. ओढून निघाली असती तर शपथ.

समारंभात मी रिकाम्या मागाशी बसून हात हलवत होते. आमचे मंत्री सांगत होते की आता जग आमच्याकडे बघतंय, आमच्या शब्दाला वजन आलंय. मग त्यांनी थोरल्या पाहुण्याच्या खांद्यावर ब्लँकेट घातलं. पाहुण्याने कोपरा हातात घेतला, वाचला, चष्मा वर करून पुन्हा वाचला. वर त्याच्या देशाचं नाव, खाली आमच्या देशाचं. तो असा हसला की टाळ्या वाजवणारे थबकले.

जगसाहेब मागाआडून माझ्यावर फिस्कारला, "कापली नाही?"

"तुम्ही सांगितलं नाही."

"अहो, एवढं कळत नाही?"

"साहेब, कापली की नोकरी जाते."

पाहुणा काहीतरी बोलला. दुभाष्याने घसा साफ केला. "पाहुणे म्हणतात, शिलाई फार सुंदर आहे."

मंत्र्यांनी वाकून आभार मानले.

महिनाही झाला नसेल, जगसाहेब घरी आला. चेहरा असा उजळलेला, जणू त्याचंच लग्न ठरलंय. "आजी, करार झाला! त्यांचा माल इथे येणार, आपल्या पट्ट्या लागणार, इथून जगभर जाणार. आता आपल्याशिवाय जगाचं पान हलणार नाही!"

"माग कधी सुरू?"

"माग? ते भंगारात गेले. पट्ट्या शिवायच्या टेबलांना जागा नको? एक ठेवलाय दाराशी, काचेत. सूनबाईंचं टेबल मी राखून ठेवलंय."

सुनेने त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "साहेब, परक्याच्या मालावर आमचं नाव शिवण्यापेक्षा मी परक्यांचे म्हातारे सांभाळेन. ते निदान त्यांच्याच नावाचे असतात."

"जगाची दिशा ओळखा, बाई," तो म्हणाला, पाणी प्यायला आणि गेला.

मी तिला थांब म्हणाले नाही. काचेतल्या मागासाठी थांब, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? समारंभानंतर मला उरल्यासुरल्यातलं एक ब्लँकेट मिळालं होतं, ते मी घडी करून तिच्या बॅगेत कोंबलं.

"राहू दे की, आई. तुम्हाला लागेल."

"घेऊन जा," मी म्हणाले. "ते तिकडचंच आहे. तुला नाही तरी त्याला घर माहीत असेल."