मला विझवू दिलं नाही

मी एक जुनी पितळी पिचकारी आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, रंगाची नाही! आग विझवायची!

चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका छोट्या शहरात माझा जन्म झाला. दोघांनी माझ्या दोन्ही बाजूंच्या कड्या धरायच्या आणि तिसऱ्याने दांडा रेटायचा, अशी माझी घडण. कोणाची चिमणी पेटली, गवताची गंजी पेटली, की "पिचकारी आणा!" अशी हाक यायची. आग विझली की लोक मला कौतुकाने राखेने घासत. कसली चमकायचे मी!

मग युद्ध आलं. सैन्याने वेढा घातला, तापवून लाल केलेले गोळे छपरांवर टाकले आणि शेवटी वेस फोडली. लूट झाली. लूट संपल्यावर घरं पेटवली. पाववाला, त्याची बायको आणि शेजारी मला घेऊन विहिरीकडे धावले, तर विहिरीवर सैनिक भाले रोखून उभे! एक थेंब घेऊ दिला नाही. समोर अख्खी गल्ली जळत होती आणि मी कोरडी. सांगा ना, संताप येणार नाही? मला आजही येतो!

पुढे मी लोकांच्या दिवाणखान्यांत शोभेला लटकले. फिरत फिरत शारजातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. तिथून जवळच्याच फुजैरा शहरातल्या वसंतरावांनी मला रंगपंचमीसाठी उचललं. आतलं कातडं सडलं होतं, तिथे त्यांनी रबर बसवलं. चारशे वर्षांची मी, आणि माझ्यात गुलाबी रंग!

त्यांच्या मुलीचा, इशिताचा, शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट होता : युरोपमधली युद्धं. तिची मैत्रीण नबिला हिने पुठ्ठ्याचं शहर बनवलं. खिडक्यांना कापडाचे पडदे, पाववाल्याच्या दुकानात कणकेचे इवलेसे पाव. समुद्रावर व्हिडिओ काढायचं ठरलं. वर्गातल्या रुहानच्या हातात फोन, शोभेला आणलेली मी वाळूवर पडलेली, आणि इशिताच्या हातात लायटर.

"हे काय गं?" नबिला ओरडली. "जाळायचं कधी ठरलं?"

"वॉर आहे ना! आग नको? लाइक्स बघ किती येतील!"

"माझं शहर आहे ते!"

"चिल यार, पुठ्ठा आहे."

"यल्ला, लवकर आटपा, ऊन चढतंय," वसंतराव चहा पीत म्हणाले.

इशिताने एक कोपरा पेटवलाच. पडदे भुर्रकन गेले. नबिलाने मला उचललं, धावत जाऊन समुद्राचं पाणी भरलं. पण एकटीला मी पेलवते होय!

"रुहान, पकड ना! अरे, पकड!"

रुहानने फोन टॉवेलवर टाकला आणि कडी धरली. "काका, दांडा रेटा! जोरात!"

वसंतरावांनी कप ठेवला आणि सगळा जोर लावला. फसकन पाणी सुटलं. अर्धी गल्ली भिजून बसली, पण आग विझली.

"पप्पा!" इशिता किंचाळली. "व्हॉट इज धिस! माझा शॉट!"

"अगं," वसंतराव धापा टाकत म्हणाले, "पेटलं होतं ना."

बस्स! इतकं साधं होतं, मित्रांनो. पेटलं होतं, म्हणून विझवलं. त्या दिवशी विहिरीवर हे एकालाही सुचू नये?

आणि तुमची पुस्तकं काय लिहितात? "अमुक साली ते शहर पडलं." पडलं? पाय घसरून पडलं का ते? जाळलं म्हणा! कोणी जाळलं, पाणी कोणी अडवलं, तेही लिहा. मला घासूनपुसून कपाटात ठेवलं नाहीत तरी चालेल. पण कुठे काही पेटलेलं दिसलं, तर आधी फोन खाली ठेवा आणि हात मोकळे करा.